बालगणेशाचे गाल

आमच्या पेणात मोसम आला हे आधी कानांना कळतं. चहाचं आधण अजून उकळलेलंही नसतं आणि खालच्या कारखान्यातून पॉलिश पेपरचा आवाज सुरू होतो. खस्स खस्स, खस्स खस्स. मग कॉम्प्रेसर घरघरायला लागतो, कुणीतरी रेडिओ लावतं, टेम्पोवाला गल्लीत गाडी उलटी घालताना साऱ्या जगावर ओरडतो. बाहेरगावची माणसं मूर्ती ठरवायला आली की म्हणतात, ‘काय भाग्यवान हो तुम्ही! बारा महिने गणपतीच्या सहवासात!’ म्हणोत बापडी. त्या पांढऱ्या धुळीच्या सहवासात एक दिवस भाकऱ्या थापून बघा म्हणावं.

ह्या सगळ्या आवाजांच्या खाली मी आणखी एक आवाज शोधत असते. गेली सहा वर्षं शोधते आहे. जुईच्या छातीतला.

जुई माझी मुलगी. आता अकरा वर्षांची आहे, सहावीत आहे आणि आईपेक्षा जास्त बोलते. सकाळी उठली की मोरीपाशी उभी राहते, तोंडाला दम्याचा पंप लावते, श्वास ओढून दहा आकडे मनात मोजते आणि मग गुळण्या करते. त्या गुळण्या म्हणजे एक प्रकरण आहे. घळघळघळ, मान मागे टाकून, अख्ख्या आळीला कळेल अशा. शेजारीण एकदा म्हणाली, ‘तुमच्याकडे नळ गळतो काय गो?’ म्हटलं, व्हय, आणि गळू दे.

जुई पाच वर्षांची होती तेव्हा दर पंधरा दिवसांनी तिला खोकला यायचा. पहिल्यांदा आम्ही म्हटलं सर्दी. मग म्हटलं दात येताहेत. मग म्हटलं आईसक्रीम. घर वर आणि कारखाना खाली, मधे लाकडी जिना, आणि त्या जिन्यावरून धूळ आमच्या आधी वर येते. तिच्या छातीतून जत्रेतल्या पिपाणीसारखी शिट्टी वाजायला लागली, गळ्याखालची खळगी श्वासागणिक आत जायला लागली, तेव्हा मी तिला उचलून आळीतल्या डॉक्टरांकडे पळाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या बांधून दिल्या. म्हणाले, ‘तीन दिवस द्या आणि बंद करा.’

काय सांगू, जादू झाली हो. दुपारी गोळी दिली आणि संध्याकाळी पोर जिन्यावरून उड्या मारत होती.

तीन दिवसांनी बंद केली, दहा दिवसांनी पुन्हा शिट्टी. पुन्हा पुडी. मग आम्हीच शहाणे झालो. मोसम तोंडावर, मूर्तींच्या रांगा जिन्यापर्यंत आलेल्या, डॉक्टरांकडे तासभर बसायला कुणाला वेळ होता? येता-जाता नरेश, म्हणजे माझा नवरा, दवाखान्याच्या खिडकीतून ‘तीच पुडी’ म्हणून घेऊन यायचा. फडताळात साखरेच्या डब्याशेजारी पुड्यांचा डबा आला. जरा खोकली की पुडी. पुढे पुढे तर न खोकताही, म्हणजे खोकू नये म्हणून पुडी. असे सात-आठ महिने गेले असतील.

आणि पोर खायला लागली! आधी एका भाकरीसाठी मी तिच्यामागे अख्खं घर फिरायचे, ती आता ताट चाटून ‘आई, अजून’ म्हणायची. गाल वर आले. हनुवटीखाली गोल वळी आली. कारखान्यात घासकामाला येणारी शेवंतामावशी, तोंडाला ओढणी बांधलेली, डोळे तेवढे दिसणारे, तिनं जुईला धरून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, ‘पोरीनं बाळसं धरलंन गो! द्रिष्ट काढ.’ मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मिरवले. हो, मिरवलेच, खोटं कशाला बोलू? लग्नाकार्यात तिला मुद्दाम पुढे उभी करायचे.

नरेशनं तर कमाल केली. तो साच्यासाठी मूळ मूर्ती घडवतो, आणि शेवटची डोळ्यांची आखणी तर दुसऱ्या कुणाला करूच देत नाही. दिवसभर चेहरे बघणारा माणूस. त्या वर्षी त्यानं जुईला समोर पाटावर बसवलं, हातात लाडू दिला आणि शाडूमध्ये तिचे गाल उतरवले. रांगणारा बालगणेश, मान वाकडी करून बघणारा, आणि गाल असे की बघणाऱ्यानं चिमटा काढावा. त्याचा रबरी साचा झाला आणि मूर्ती हातोहात जायला लागल्या. गिऱ्हाईक विचारायचं, ‘हे गाल कुठून आणलेत?’ नरेश छाती फुगवून जुईकडे बोट दाखवायचा.

आता वाटतं, अशी चूक आमच्याच गावात व्हायची. गोल गाल म्हणजे देवाची कृपा असं शिकलेल्या हातांना गाल सुजलेत हे कसं कळावं?

एक खूण मात्र मला दिसली होती. मागच्या दिवाळीचा अबोली फ्रॉक मी तिला घालायला गेले, तर पाठीचं बटण काही केल्या लागेना. लांबीला मात्र तो अगदी बरोबर. गेल्या वर्षी जिथं होता तिथंच, गुडघ्याच्या चार बोटं खाली. मी म्हटलं, बघा, किती भरली आहे पोर! आणि फ्रॉक घडी करून ठेवून दिला. पोर आडवी वाढते आहे आणि उभी वाढायची थांबली आहे, हे त्या फ्रॉकनं मला ओरडून सांगितलं होतं. माझं लक्ष बटणावर.

आषाढात घासकाम ऐन रंगात आलं तेव्हा मी जुईला घेऊन वरश्याला गेले. रोह्याला लागून आहे वरसे, तिथं माझी ताई राहते. भावोजी धाटावला कंपनीत शिफ्टला जातात. म्हटलं, आठ-दहा दिवस पोरीला धुळीबाहेर काढू. आणि धूळ नाही तर पुडी कशाला? हा माझा हिशेब. मोठ्या तोऱ्यात पुड्यांचा डबा पेणातच ठेवला. ताईला वर ऐकवलंही, ‘औषधाची सवय मोडणार आहे मी तिची.’

पहिले दोन दिवस छान गेले. छाती स्वच्छ. ‘बघितलंस?’ मी ताईला म्हणाले. तिसऱ्या दिवशी जुई खेळायला गेली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. खोकला नाही, शिट्टी नाही, ताप नाही. नुसती कापडाच्या बाहुलीसारखी पडून. पाणी दिलं ते उलटून पडलं. उभी केली तर पाय मुडपून खाली बसली. पहिल्या शिफ्टची बस पकडायला निघालेले भावोजी बस सोडून रिक्षा आणायला धावले, आणि आम्ही तिला रोह्यातल्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी सलाईन लावलं, मग विचारलं, ‘कुठलं औषध चालू होतं?’

‘काहीच नाही हो. नुसती पुडी.’

‘कसली पुडी?’

मी सांगितलं. त्या माझ्याकडे न बघता जुईच्या गालाकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘ती पुडी मागवा. आणि हिचा वर्षापूर्वीचा एखादा फोटो असेल तर तोही दाखवा.’ तोपर्यंत त्यांनी सुईतून औषध सोडलं होतं.

नरेश मोटरसायकलवर पुड्यांचा डबा घेऊन दुपारी पोचला, केसांत अजून पीओपी. गोळ्या बघून बाईंनी मान हलवली. त्यांना जे वाटलं होतं तेच होतं. मी मोबाईलवर जुना फोटो काढला. नरेशनं तो हातात घेतला, जुईच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि एक डोळा बारीक केला. आखणी करताना करतो तसा. मग त्यानं फोन खाली ठेवला.

‘हे गाल नायत,’ तो म्हणाला. ‘ही सूज हाय. कपाळ, हनुवटी, सगळं एका रेषेत आलंय. मी साच्यात घातलं हो हे. मला कळलं कसं नाय?’

तो माणूस आयुष्यात माझ्यासमोर रडलेला नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर गुडघ्यांत डोकं घालून रडला.

बाईंनी ओरडायला हवं होतं, पण ओरडल्या नाहीत. शांतपणे समजावलं. त्या गोळ्या स्टेरॉईडच्या. झटका आला तर जीव वाचवतात, म्हणून तीन दिवस. महिनोन् महिने दिल्या की अंग स्वतःचं औषध बनवायचं विसरतं, आणि मग एकदम बंद केल्या की पोर अशी कोसळते. भूक, गाल, पोट, कपाळावरची लव, चिडचिड, न वाढलेली उंची, सगळं त्याच एका पुडीतून आलेलं. आता त्या हळूहळू उतरवत न्यायच्या. कित्येक आठवडे. एकही दिवस आपल्या मनानं कमी-जास्त नाही.

‘आणि हिला दमा आहे. त्यासाठी रोज पंप,’ बाई म्हणाल्या.

‘पंपात काय असतं?’

‘स्टेरॉईडच.’

मी ताडकन उठले. ‘अहो, काय बोलताय काय! ज्यानं पोरीची ही दशा केली तेच पुन्हा?’ बाहेर बसलेले लोकही वळून बघायला लागले. बाई म्हणाल्या, हे फार थोडं असतं आणि थेट छातीत जातं, अंगभर फिरत नाही. पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत कुठे होते?

नरेशनं डोळे पुसले आणि मला खाली बसवलं. ‘ऐक,’ म्हणाला. ‘मूर्तीचे डोळे काळे करायचे हायत. मी काळ्या रंगाची बादली मूर्तीवर ओतली तर डोळेही काळे होतील, नाय का? आपण ते केलं. आता बाई बारीक ब्रश देतायत. रंग तोच हाय गो. हात बदललाय.’

बाई हसल्या. म्हणाल्या, हे मी पुढच्या आईबापांना सांगीन. मग काही लपवलंही नाही त्यांनी. पंपानंतर तोंड धुतलं नाही तर तोंडात पांढरे डाग येतात, म्हणून गुळण्या. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून दर खेपेला भिंतीपाशी उभी करून मोजणार. आणि दमा मोकाट सोडला तर त्यानंही पोर खुंटतंच, एवढं लक्षात ठेवा म्हणाल्या. मी होय म्हटलं. मनातून म्हटलं नव्हतं.

तो पावसाळा मी आणि जुई वरश्यातच राहिलो. नरेश पेणात एकटा, एका हातानं मूर्ती आणि दुसऱ्या हातानं खिचडी ढवळत. ताईनं कॅलेंडरवर गोळीचा उतार लिहिला: एक, पाऊण, अर्धी, पाव. पंपाची वेळ तिनं भावोजींच्या बसशी बांधली. कंपनीची बस वळणावर भोंगा वाजवायची, की ताई ओरडायची, ‘जुई, पंप!’ पहिला आठवडा फार झोकात गेला. दुसऱ्या आठवड्यात भावोजींची शिफ्ट बदलली, आणि जुईचा सकाळचा पंप दुपारी गेला! बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तिच्या छातीला शिफ्ट लावू नका हो. दात घासण्याशी बांधा.’ तेव्हापासून पंप मोरीपाशी आला तो आजतागायत तिथंच आहे.

श्रावण अर्धा सरला आणि जुईचे गाल उतरायला लागले. तोंड निमुळतं दिसायला लागलं. आणि मला काय बुद्धी झाली बघा, मी भ्याले. पोर आता बरी आहे, खोकत नाही, मग ह्या स्टेरॉईडचा एक थेंब तरी का घालू? कुणाला न विचारता मी पंप बंद केला. मोरीपाशी तिला नुसत्या गुळण्या करायला लावायचे. ‘झाला पंप?’ ताई स्वयंपाकघरातून विचारायची. ‘झाला,’ मी सांगायचे. जुई माझ्याकडे बघायची आणि गप्प राहायची. त्या बघण्याची मला अजून लाज वाटते.

आठवड्याभरानं आम्ही कुंडलिकेच्या काठानं फिरायला गेलो होतो. नदी भरून, मातकट, काठावर गवत कमरेएवढं. जुई पुढे पळाली आणि थांबली. गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. मी जवळ जाण्याआधीच मला ती शिट्टी ऐकू आली. अडीनडीचा वेगळा पंप पर्समध्ये होता, तो दिला. एका दगडावर बसून आम्ही दोघींनी तिचा श्वास परत येण्याची वाट पाहिली. ती वाट फार लांब होती.

घरी आल्यावर ताईनं रोजचा पंप हातात घेतला. त्याच्या पाठीवर एक छोटी खिडकी असते, किती वेळा मारायचं औषध उरलंय त्याचा आकडा तिथं दिसतो. तिनं तो दोनदा वाचला.

‘हा आकडा गेल्या सोमवारी होता तोच हाय.’

मी मान खाली घातली.

‘माझ्याशी खोटं बोललीस ते जाऊ दे. मी तुझी बहीण, मला सवय हाय. पोरीच्या छातीशी खोटं बोलायचं नव्हतंस गो.’

मला हुंदका आवरेना. तेवढ्यात वाटी परत द्यायला शेजारच्या नसीमभाभी आल्या. त्यांचा थोरला आखातात नोकरीला आहे. काय झालं ते ताईनं त्यांना सांगितलं. भाभी माझ्याजवळ बसल्या, माझी पाठ थोपटली. ‘माझा इरफानही हिच्याएवढा असल्यापासून पंप घेतो. आता सहा फूट हाय, दारातून वाकून येतो. सुट्टी संपवून निघाला की त्याच्या बॅगेत पासपोर्टाच्या आधी पंप ठेवते मी. तुला भीती वाटते ना? वाटू दे. पण भीतीनं हातातलं औषध सोडायचं नाय, बाय.’

दारातून वाकून येतो! त्या एका वाक्यानं मला जो धीर आला तो मी कुठल्या शब्दांत सांगू? दुसऱ्या दिवशी मीच जुईला डॉक्टरांकडे नेलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. मग सकाळी मोरीपाशी पंप जुईच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘आजपासून आकडा तू वाचायचास. मला मोठ्यानं सांगायचास.’ तिनं सांगितला. इतक्या मोठ्यानं, की भावोजी रात्रपाळीची झोप सोडून उठून बसले.

मोसम संपवून नरेश आम्हाला न्यायला आला तेव्हा गणपती दोन दिवसांवर होते. पेणात पोचलो. कारखाना रिकामा, लादीवर रंगाचे थेंब, आणि फळीवर एकच बालगणेश उरलेला. जुई त्याच्यासमोर उभी राहिली. मग खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघितलं.

‘बाबा, हा मी होते ना? माझे गाल कुठे गेले?’

नरेश आत गेला आणि तो रबरी साचा आणि ब्लेड घेऊन आला. त्या वर्षातली सगळ्यात जास्त गेलेली मूर्ती होती ती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

‘काय करतोस?’ जुईनं विचारलं.

‘कापून टाकतो. हे गाल औषधाचे हायत.’

पोरीनं बापाकडे असं बघितलं, जणू एवढी साधी गोष्ट ह्याला कशी कळत नाही. ‘माझे औषधाचे होते. बाप्पाचे मोदकाचे हायत. बाप्पा कुठे पुडी खातो? ठेव तो.’

नरेशनं ब्लेड खाली ठेवलं. साचा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि चार वर्षं आम्ही दोघांनी माळ्याचं नाव काढलं नाही.

ह्या वर्षी जुईनंच शिडी लावून तो खाली काढला. धूळ झटकायच्या आधी शेवंतामावशीनं तिला हाकललं आणि तिच्या तोंडाला स्वतःची ओढणी बांधली. आता घासकामाची जागा आम्ही मागच्या पडवीत नेली आहे, जिन्याला दार बसवलं आहे, तरी मावशीचं समाधान होत नाही. ‘माझ्या पोरीला धूळ नको,’ म्हणते. जुई आता तिचीही पोर झाली आहे. बालगणेशाची पहिली मूर्ती कालच साच्यातून निघाली. गाल तेच. ह्या खेपेला मी चिमटा काढून बघितला आणि मला हसू आलं.

दमा गेला का? नाही. पावसात कधी शिट्टी वाजते, पंप कमी करून बघितला की बाई पुन्हा थोडा वाढवतात, परीक्षेच्या दिवसांत अडीनडीचा पंप दप्तरात असतो. उंचीच्या रांगेत ती वर्गात अजून पुढे, बुटक्यांमध्येच उभी राहते. पहिल्यांदा मोजली तेव्हा बाईंच्या भिंतीवरच्या तक्त्यात ती सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली होती. दर खेपेला मी ते माप बघताना देवाचं नाव घेते आणि नरेश एक डोळा बारीक करतो.

आणि आज सकाळची गोष्ट. खाली खस्स खस्स चालू, मी डब्याची घाई करते आहे, आणि बाईसाहेब गुळण्या आटपून दारात येऊन उभ्या.

‘आई, स्कर्ट आखूड झाला.’

‘काहीतरी बोलू नको. शाळा सुरू होताना तर शिवलाय. धुण्यात आटला असेल.’

‘आटला तर कमरेत पण आटेल ना? कमरेत बघ, पिन लावलीय.’

मी वळून बघितलं. कमरेला खरंच पिन होती, दोन बोटं सैल. आणि खाली स्कर्टची कड गुडघ्याच्या वर. मी तिथंच खाली बसले. तो अबोली फ्रॉक आठवला, बटण न लागणारा, लांबीला अगदी बरोबर असणारा.

‘रडतेस काय गो?’ जुई घाबरली. ‘नवीन नको शिवू. आत दुमड हाय, ती सोड.’

मी दोऱ्याचा डबा आणला, ब्लेड घेतलं आणि तिला उभी तशीच ठेवून टाके उसवायला बसले. शिंप्यानं भरपूर दुमड ठेवली होती, चार बोटं असेल. ती सगळी सोडली. ओल्या हातानं दाबून सरळ केली आणि मागे सरकून बघितलं.

तरीही गुडघा दिसतच होता.